खिडकीपुढचा गुलाब

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार म्हणजे आमच्या घरी कत्तलीचा दिवस. थंडी सरत आलेली असायची, वस्तीतले लोक गोधड्या उन्हात घालायचे, आणि आमचे बाबा नळाजवळच्या दगडावर पाणी शिंपडून कैची घासत बसायचे. कैची म्हणजे कापडाची नव्हे. झाडं छाटायची, वाकड्या चोचीची, जाड. तो आवाज कानावर आला की माय स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात आपटायची. बाबांना ऐकू जावं म्हणूनच आपटायची. बाबांना ऐकू जायचं आणि ते कैची घासत राहायचे.

पांढुर्ण्यात रेल्वेलाईनच्या अलीकडे आमची वस्ती. तिथे आमचं घर विचारलं तर लोक ‘गुलाबवाल्यांचं घर’ म्हणून दाखवतात. बाबा रेल्वेत गँगमन होते. तिगावच्या बाजूला रुळांवर त्यांचं आयुष्य गेलं. लोखंड, खडी आणि ऊन यांच्याशीच संसार केल्यामुळे नरम गोष्टींशी कसं वागायचं हे त्यांना कधी कळलं नाही, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. घरापुढे भिंतीलगत गुलाबांची रांग, दोन जास्वंदी, मेंदीचं कुंपण, एक लिंबू, एक संत्रा. गुलाबाची बरीचशी कलमं बाबांनी रामाकोन्याच्या एका माळ्याकडून आणली. आणली त्यांनी, जगवली मायनं. पाणी, शेणखत, आंबट ताक, मावा पडला तर तंबाखूचं पाणी, सगळं तिच्याकडे. अकरा महिने बाग मायची असायची आणि एक दिवस बाबांची. त्या एका दिवसात ते अकरा महिन्यांच्या लाडांची भरपाई करून घ्यायचे.

आणि दिवस तरी कोणता निवडावा. आमच्याकडे गुलाबाला खरा बहर थंडीतच येतो. उन्हाळ्यात फूल लिंबाएवढं होतं आणि दुपारपर्यंत करपतं. थंडीत मात्र एकेक फूल वाटीएवढं आणि आठवडाभर टिकणारं. फेब्रुवारीत झाडं फुलांनी वाकलेली असायची. नेमके तेव्हाच बाबा आत शिरायचे आणि भरली झाडं गुडघ्याइतकी कापून काढायचे. बाहेर तोंड केलेला फुटव्याचा डोळा शोधायचा, त्याच्या जरा वर तिरपा काप घ्यायचा. वाळकं लाकूड, ज्याला आम्ही सल म्हणतो, ते बुडापासून काढायचं. कलमाच्या सांध्याखालून रानफुटवा आला असेल तर उपटून फेकायचा. उरलीसुरली पानंही ओरबाडायची. जास्वंदी निम्म्यावर आणायच्या, मेंदी सरळ रेषेत भादरायची, लिंबाच्या आतल्या फांद्या काढायच्या. मग मोरचूद आणि चुन्याचा लेप प्रत्येक जखमेवर. संध्याकाळी अंगणात निळ्या टोकांचे खुंट उभे असायचे आणि कुंपणाबाहेर फुलांसकट फांद्यांचा ढीग. तो ढीग रचायचं काम माझं. काटा लागला म्हणून मी बोट तोंडात घातलं की बाबा म्हणायचे, “तुले एक काटा लागला तं नाचून राहिली. त्याले इचार, त्याचं काय काय गेलं.”

हे सगळं कशासाठी, तर चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी. फेब्रुवारीच्या शेवटी कापलेला गुलाब एप्रिलच्या मध्याला पुन्हा फुलतो, आणि जयंतीच्या सकाळी आमच्या विहारात फोटोला पहिला हार चढतो तो आमच्या अंगणातला. नागपूरहून झेंडूची पोती येतात, शेवंती येते, तालुक्याचे पुढारी दोघांना मिळून उचलावे लागतील असे हार आणतात. पण पहिला हार गुलाबवाल्यांचा, हे वस्तीनं धरलेलं आहे. हा मान बाबांना कुणी दिला नव्हता. एप्रिलच्या रखरखाटात फुलं उगवून त्यांनी तो वर्षानुवर्षं घेतला होता. ज्या माणसाला कुठल्याच कार्यक्रमात कुणी पुढच्या रांगेत बसवलं नाही, त्याला वर्षातून एकदा सगळ्यांच्या पुढे जायला मिळायचं. हे मला समजतं. समजतं म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही.

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती त्या वर्षी सौसरचे पाहुणे नेमके त्याच रविवारी मला पाहायला यायचे ठरले. आदल्या दिवशी माय बाबांच्या पाया पडली. म्हणायची पद्धत म्हणून नव्हे, खरोखर वाकून पडली. “पाह्यने येऊन जाऊ द्या. अंगन भरलेलं दिसू द्या. सोमवारी कापा.” बाबांनी सोमवारी ड्यूटी असल्याचं सांगितलं आणि पाहुणे यायच्या आत सगळं कापून, लेप लावून मोकळे झाले. पाहुणे निळ्या खुंटांच्या मधून चालत घरात आले. होणाऱ्या सासूबाईंनी पोहे खाता खाता विचारलं, “झाडाईले रोग आला का काही?” माय म्हणाली, “रोग झाडाले नाई, मालकाले हाय.” लग्न ठरलं ते बहुतेक या उत्तरावरच ठरलं. बाबांनी मात्र पाहुणे गेल्यावर मायशी अबोला धरला, आणि तो माझ्या हळदीपर्यंत पुरवला.

एकुलत्या एका संत्र्यावरूनही दोघांचं असंच. संत्र्याला उन्हाळ्याच्या तोंडी बहर हवा असेल तर थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं मलूल होऊन दुमडेपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवायचं. याला आमच्या भागात ताण देणं म्हणतात. मरायची भीती पडली की झाड फुलतं. मोठे बागाईतदार शेकडो झाडांना ताण देतात, बाबा एका झाडाला द्यायचे, आणि तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं. ते बाहेर पडले की माय भांडी धुतलेलं पाणी गुपचूप आळ्यात ओतायची. बाबा परतल्यावर माती उकरून बोटानं ओल पाहायचे आणि विचारायचे, “कोन पाजून राहिलं याले?” माय म्हणायची, “मांजर मुतलं असन.” झाड धड फुलायचं नाही, धड वाळायचं नाही. त्यानं उभ्या जन्मात टोपलीभर संत्री दिली नाहीत आणि दोघांपैकी एकानंही माघार घेतली नाही.

गेल्या दिवाळीनंतर मायचं जेवण कमी झालं. आधी तिखट नको, मग भाकर नको, मग शिजणाऱ्या अन्नाचा वासही नको. जानेवारीत आम्ही तिला नागपूरला नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मायला बाहेर बाकावर बसवून बाबांना आणि मला आत बोलावलं. पोटातली गाठ पसरली होती. “घरी न्या. खावंसं वाटेल ते द्या,” ते म्हणाले. बाबांनी विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, होळी पाहतील, त्यापुढचं धरून चालू नका.

बाहेर आल्यावर माय बाकावरून उठली आणि म्हणाली, “काय म्हने?” बाबा म्हणाले, “अल्सर हाय. औषधानं बसते. टाइम लागल थोडा.” इतकं सरळ आणि इतकं चटकन की मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. या माणसाला खोटं बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली आणि अल्सर झालेल्या आपल्या एका मावसबहिणीच्या गोष्टी सांगत राहिली. ती मावसबहीण अजून ठणठणीत आहे.

मी सौसरच्या शाळेत शिकवते. रजा टाकून मी पांढुर्ण्याला आले, आणि आम्ही मायची खाट समोरच्या खोलीत खिडकीला लावली. त्या खिडकीपुढे, गजांपासून हातभर अंतरावर, आमच्या अंगणातलं सगळ्यात जुनं झाड आहे. गावठी गुलाबी गुलाब, फूल लहान पण वासाचं. मायला भाताचा वास सोसत नव्हता, डाळीचा सोसत नव्हता, पण हा वास चालायचा. खिडकी उघडी ठेवून ती त्या झाडाकडे तोंड करून पडायची. यंदा थंडीही लांबली होती आणि रांगेतली सगळी झाडं पेटल्यासारखी फुलली होती.

आजारपण माणसाला शांत करतं म्हणतात. माय काही शांत झाली नाही. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी ती खाटेवरून मला हाकायची. “पानी बुडाशी घाल. पानाईवर काऊन वतून राहिली? मास्तरीन झाली, पन तुह्या हातानं झाड नाई जगत.” मी तिला पेज भरवायची, ती दोन घोट घ्यायची आणि पुन्हा बाहेर पाहायची. तिचे दंड काठीएवढे झाले होते. मी तेव्हा मनाशी एवढंच धरलं होतं की ही आहे तोवर हिच्यासमोरची ही फुलं जाऊ द्यायची नाहीत. बाकी माझ्या हातात काही उरलंच नव्हतं.

म्हणून महिना संपत आला तसा मी बाबांना नळापाशी गाठलं. ते कैची घासत होते.

“बाबा, औंदा नका कापू.”

“कापा लागते.”

“हार बाजारातून आनू. मी जाऊन आनते नागपूरवरून.”

बाबांनी कैचीची धार अंगठ्यावर पाहिली. “नाई कापलं तं तिले समजल,” ते म्हणाले.

“काय समजल?”

“आजवर कधी सोडलं मी? औंदाच सोडलं तं ती इचारल, काऊन सोडलं. मंग काय सांगू तिले?”

मला तो निव्वळ बहाणा वाटला. हा माणूस आपल्या हट्टावर आता मायेचं पांघरूण घालतो आहे, असं वाटलं आणि माझं डोकं फिरलं. “तुमाले मान पाह्यजे तुमचा,” मी म्हणाले. “माय मेली तरी चालल, हार नाई चुकला पाह्यजे.” बाबा कैची पुसून उठले आणि विहाराकडे निघून गेले. मीही त्यांना हाक मारली नाही.

शनिवारी संध्याकाळी माय स्वतःच बोलली. बाबा तिच्या पायथ्याशी बसून चहा पीत होते. “औंदा राहू द्या नं,” ती म्हणाली. “मी पाहून राहिली त्याईकडे दिवसभर.”

“जयंतीले काय चढवशीन?” बाबा म्हणाले.

“झेंडू चढवा. लोक चढवतेच.”

“आपन लोक नाई,” बाबा म्हणाले आणि कप खाली ठेवला.

मी त्या कपाकडे पाहत होते, तो उचलून भिंतीवर मारावा असं वाटत होतं. मायकडे पाहिलं तर तिनं गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती आणि ती हसत होती. औषधाची गुंगी असेल असं मला वाटलं. दुखणं कमी व्हावं म्हणून दिलेल्या गोळ्यांनी ती कधी कधी अशी उगाच हसायची.

रविवारी बाबांनी सुरुवात केली तेव्हा मी खिडकी लावून घ्यायला उठले. माय म्हणाली, “उघडी ठेव. पाहू दे कसे मारते ते.” म्हणून मी तिच्या उशाशी बसले आणि आम्ही दोघी पाहत राहिलो. आधी मेंदी भादरली. मग जास्वंदी निम्म्या झाल्या. लिंबातून काट्यांच्या फांद्या ओढून काढल्या. मग बाबा गुलाबांच्या रांगेकडे वळले. पहिल्या झाडाचा गच्च भरलेला डोलारा एका बाजूला कलला आणि खाली पडला, पाकळ्या मातीत पसरल्या. मी मायचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

“आतला डोळा धरला तुमी,” ती ओरडली. तिचा आवाज इतका मोठा मी महिनाभरात ऐकला नव्हता. “झाड आत घुसल.” बाबांनी तोच काप आणखी खाली घेतला. “आता बरोबर,” माय म्हणाली. मग मला म्हणाली, “चहा दे मले जरासा.” मी चहा केला. कित्येक दिवसांनी तिनं अर्धा कप चहा घेतला आणि तो पोटात राहिला.

दुसरं झाड पडलं, तिसरं पडलं. मायची तब्येत जणू सुधारतच होती. ती उशीला टेकून बसली. “जयंतीले मले पांढरं लुगडं पाह्यजे,” ती म्हणाली. “निळ्या काठाचं. मागचं पिवळं पडलं. सौसरवरून आन, अठी महाग देते.” मग म्हणाली, “अन् हार मी बसून ओवीन, तू नको ओवू. तुह्यी गाठ ढिली पडते.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काल ती त्यांची परीक्षा घेत होती. राहू द्या म्हणायचं आणि हा माणूस ऐकतो का ते पाहायचं. त्यानं ऐकलं नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. एप्रिलमध्ये हार लागणार आहे, म्हणजे एप्रिलमध्ये आपण आहोत. बाबा एकेक झाड पाडत होते आणि त्याबरोबर मायच्या मनातली भीती जात होती. नळापाशी बाबा खरं बोलले होते आणि मी त्यांना नाही नाही ते बोलले होते. मला ते आवडलं नाही. बाबा बरोबर निघालेले मला कधीच आवडत नाहीत.

रांग संपली. राहिलं फक्त खिडकीपुढचं झाड. बाबा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी एक फांदी डाव्या हातानं वाकवली, कैची तिला लावली आणि मान वर केली. गजांच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, मायचा चेहरा होता. सकाळच्या उन्हात तो पूर्ण दिसत होता, गालांची हाडं, पिवळे डोळे, सगळंच. घरात आम्ही तिला दिवसभर पाहायचो, पण अंधाऱ्या खोलीत आणि निरनिराळ्या कामांच्या मधून. बाबा पाहत राहिले. कैची फांदीवर तशीच होती.

कापा, मी मनात म्हणत होते. कापा बाबा, एवढं एकच कापा.

बाबांनी फांदी सोडली. ती फुलांसकट जागच्या जागी परत गेली. “हे राहू दे औंदा,” ते म्हणाले. “जुनं झालं हे.”

“कापून टाका नं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा ऐकू आला. “एकच कायले ठेवता?”

“राहू दे,” बाबा म्हणाले आणि नळाकडे हात धुवायला गेले.

माय त्या झाडाकडे पाहत होती. मी तिच्या पाठीमागची उशी नीट करायला लागले, उगाचच, आणि औषधाची वेळ झाली वगैरे काहीबाही बोलत राहिले. बाबा हात झटकत परत आले तेव्हा तिनं गजांतून विचारलं, “डॉक्टर काय म्हने?”

“माय, अल्सर—”

“तू चूप राह्य. मी याईले इचारून राहिली.”

बाबा बाहेर उभे होते. हातावरून पाणी टपकत होतं.

“हिच्या पाह्यन्याईसाठी मी पाया पडली तुमच्या,” माय म्हणाली. “तवा नाई सोडलं. माह्या बापाची माती होती त्या दिवशी, तवा कापून आले तुमी. आज काऊन सोडलं?”

नागपूरला जे खोटं तोंडातून सहज निघालं होतं ते आता निघेना. “गाठ हाय,” ते शेवटी म्हणाले. “पसरली म्हने.”

“जयंती?”

बाबांनी नकाराची मान हलवली.

“होळी?”

“होळी पाह्यशीन म्हने.”

माय रडली नाही. मी रडले, आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी डोळे पुसून टाकले. “म्हंजे दोघं मिळून मले खेळवून राहिले तुमी,” ती म्हणाली. “लुगडं मागून राहिली मी, अन् हे पोट्टी हाव हाव करून राहिली.” मग बाबांना म्हणाली, “कापा ते.”

“राहू दे वो.”

“कापा म्हनते. मी मरून राहिली, त्यात त्याचा काय गुन्हा? त्याले एप्रिलात फुला लागते. माह्यापायी त्याचा बहर नका बुडवू. भीक घालून राहिले मले तुमी, झाडाची. कापा.”

बाबांनी कैची उचलली. रुळांवर घण मारलेल्या त्या हातांचा पहिला काप वाकडा गेला, साल चिरली. “पुन्हा घ्या,” माय म्हणाली. त्यांनी पुन्हा घेतला. “बाहेरचा डोळा पाहा. तो नाई, खालचा. सल काढा ते.” एकेका फांदीला ती बोलत होती आणि ते कापत होते. आयुष्यभर ती या दिवशी भांडी आपटत आली होती आणि आज तिनंच उभं राहून काम करून घ्यावं तसं ते करून घेतलं. झाड गुडघ्याएवढं झालं. खिडकीतून समोरचा धुळीचा रस्ता दिसायला लागला.

बाबांनी पडलेल्या फांद्यांतून फुलं वेचली, ओंजळ भरली आणि ती गजांतून तिच्यापुढे धरली.

“मले कायले?” माय म्हणाली. “बकरीले टाका.”

ते ओंजळ धरून उभेच राहिले. तिनं तोंड भिंतीकडे केलं. शेवटी त्यांनी फुलं कुंपणापलीकडे टाकली. शेजाऱ्यांची बकरी तिथेच बांधलेली होती. तिनं ती खाल्ली, आणि तिचं ते कुरकुर चावणं आम्ही तिघं ऐकत होतो.

त्यानंतर माय बाबांशी बोलली नाही. खोली एक, माणसं तीन, तरी ती मला सांगायची, “तुह्या बापाले सांग, पंखा बंद करा लागते.” बाबा पंखा बंद करायचे. रात्री तिच्या पाठीला तेल लावायचं काम त्यांचं होतं, ते तिनं माझ्याकडे दिलं. त्यांनी पेज आणली तर ती ओठ घट्ट मिटून घ्यायची, तीच पेज मी भरवली की दोन घोट घ्यायची. बाबांनी एकदा माझ्यासमोर तिचे पाय धरले. “चुकलं वो,” ते म्हणाले. तिनं पाय आखडून घेतले, जेवढे तिला आखडता आले तेवढे. तिच्याजवळ थोडेच दिवस होते आणि ते तिनं याच कामासाठी वापरले. मला वाटायचं, बोल एकदा. दुसऱ्या क्षणी वाटायचं, नको बोलू, भोगू दे.

छाटलेल्या झाडांना लाल कोंब फुटले. सकाळी ती मला विचारायची, “फुटलं का?” म्हणजे खिडकीपुढचं. ते जुनं झाड, उशिरा फुटत होतं. मी फुटलं म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तिनं मान उचलून पाहिलंच असतं. ज्या दिवशी त्याच्यावर पहिला कोंब दिसला त्या दिवशी ती डोळे उघडण्याच्या पलीकडे गेली होती. होळीच्या आधीच, भर दुपारी, ती गेली. बाबा औषधाच्या दुकानात होते. परत आले तेव्हा वस्तीतल्या बायका दारात जमल्या होत्या. बाबांनी गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि चप्पल काढून आत गेले.

जयंतीला हार मी ओवला. फुलं बाबांनी पहाटे तोडली, ऊन चढायच्या आत. खिडकीपुढच्या झाडावर यंदा जेवढी फुलं आली तेवढी मी उन्हाळ्यात कधी पाहिली नव्हती. विहारात गर्दी होती, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, बाहेर डीजेची गाडी तयार. पहिला हार बाबांनी चढवला. वंदना झाल्यावर एक म्हातारे उपासक बाबांजवळ आले. हार निरखून म्हणाले, “औंदा फुलं लयच भारी हायेत.”

“कापनी वेळेवर झाली,” बाबा म्हणाले.

ते हे ताठ मानेनं म्हणाले, जसं दरवर्षी म्हणत आले होते तसंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या एवढ्या लोकांत, त्या दिवशी, मला त्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. मी बाहेर येऊन उभी राहिले. थोड्या वेळानं ते रिकामी टोपली घेऊन आले आणि आम्ही घराकडे निघालो.

अर्ध्या रस्त्यात त्यांनी समोर पाहतच विचारलं, “ते एक झाड मी सोडलं नसतं, तं तिले समजलं नसतं नं?”

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. वस्तीतल्या बायका ते त्यांना रोज सांगत होत्या: अहो, ज्याचं त्याला कळतंच, तिला नागपूरलाच कळलं होतं, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा माणूस, उन्हातून चाललेला, माझा बाप.

“नसतं समजलं,” मी म्हणाले. “कापलं असतं तं आशेवर गेली असती ती. बोलत गेली असती तुमच्यासंगं.”

बाबांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

“हाव,” ते म्हणाले. “मलेबी तसंच वाटते.”